घरात कोणाला आहे का?

"घरात कोणाला काचबिंदू आहे का?" डोळ्यांच्या डॉक्टरने कागदावरची नजर न काढता विचारलं, आणि ती लगेच म्हणाली, "आईला आहे. दोन्ही डोळ्यांना."

उत्तर देताना तिला काही खटकलं नाही. उलट बरंच वाटलं, सगळ्या पुस्तकातला जो एकच धडा वाचलाय नेमका त्यावर प्रश्न यावा तसं. कितव्या वर्षी निघाला? पन्नासाव्या. औषध? थेंब, सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला. दिसणं पूर्ण गेलं? इथे ती थोडी अडखळली. हो, सत्तावन्नाव्या वर्षी. डॉक्टर भराभर लिहीत होता. तिच्याहून सहज दहा वर्षांनी लहान असेल, पण हात मुरलेला. तिची हनुवटी यंत्रावर टेकवून त्याने पुन्हा एकदा तिच्या डोळ्यात निळा उजेड सोडला, मग खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "हे बघा ताई, डोळ्यातला दाब काठावर आहे. एरवी मी औषध दिलं नसतं, सहा महिन्यांनी या म्हटलं असतं. पण सख्ख्या आईची दृष्टी गेलीय म्हटल्यावर थांबण्यात शहाणपणा नाही. आजपासून थेंब सुरू करा, आणि ते आता कायमचे. महिन्याभराने दाखवायला या. भावंडं किती तुम्ही?"

"दहा."

"दहा?" त्याने पेन खाली ठेवलं. "कमाल आहे तुमच्या आईची. सगळ्यांना डोळे तपासून घ्यायला सांगा. हे रक्तातून उतरतं."

जिना उतरताना दुसऱ्या वळणावर तिला आपली चूक कळली, आणि ती कठडा धरून तिथेच उभी राहिली. रक्तातून. त्या दहा जणांत कुणाचं रक्त कुणाचं नव्हतं, आणि आईचं तर कुणाचंच नव्हतं. अनाथ मुलांच्या एका संस्थेत एका ओळीत बारा घरं होती, प्रत्येक घरात दहा मुलं आणि एक आई. ती चौथ्या घरातली. आई म्हणजे संस्थेने मुलाखत घेऊन, दोन वर्षं शिकवून, चाचणी घेऊन नेमलेली बाई. कागदोपत्री गृहमाता, उंबरठ्याच्या आत आई. संस्थेचा सगळा भर यावरच होता, की मुलांना वसतिगृह नको, घर हवं. घंटा नको, हाक हवी. मोठ्याचा सदरा धाकट्याला यावा, दोघांनी एका चादरीवरून भांडावं, आणि रागावणारं माणूस रोज तेच असावं. हे सगळं इतकं नेटकं जमून जाईल असं बहुधा खुद्द संस्थेलाही वाटलं नसावं. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्या घरातून निघून तेवीस वर्षं झाल्यावर, तिला तिचं रक्त विचारलं तर तिने डोळे झाकून चौथ्या घराचं सांगितलं होतं. परत वर जाऊन दुरुस्त करणं दोन मिनिटांचं काम होतं. एकच वाक्य बोलायचं, डॉक्टर एक ओळ खोडणार, औषध बंद. ते वाक्य तिने मनातल्या मनात जुळवायला घेतलं, पण ते पुरं होईना. वरच्या दारातून पुढच्या पेशंटला बोलावल्याचा आवाज आला. ती खाली उतरली, औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली आणि बाटली पर्समध्ये टाकून कामावर गेली.

संध्याकाळी आठला ती पलंगाच्या कडेला मान मागे टाकून बसली आणि पहिला थेंब भुवईवर पडला. दुसरा गालावर, तिसरा कानाकडे ओघळला. स्वतःच्या डोळ्यात स्वतः थेंब टाकताना हात शेवटच्या क्षणी का कचरतो कोण जाणे. डोळा आपोआप मिटतो आणि बाटली आंधळ्यासारखी चेहरा चाचपत राहते. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, त्याच्यापुढे वह्यांचा गठ्ठा होता. "आण इकडे, मी टाकतो," तो उठत म्हणाला. "नको," ती इतकी जोरात म्हणाली की तो परत बसला. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण ते काम कुणी दुसऱ्याने करणं तिला सोसलं नसतं, कारण ते काम एकेकाळी तिचं होतं. चौदाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला आईच्या डोळ्यांत थेंब टाकण्याचं काम फक्त तिचं. घरात तिला शेपूट म्हणत. आई स्वयंपाकघरात तर ही स्वयंपाकघरात, आई दोरीवर कपडे वाळत घालतेय तर ही चिमट्यांचा डबा घेऊन मागे. आईचे हात कापायचे, म्हणून थेंबांचं काम शेपटाकडे. आई खुर्चीत मान मागे टाकायची, ती खालची पापणी बोटाने हलकी ओढायची, एक थेंब बरोब्बर आत, मग दुसरा. त्यानंतर आई डोळे मिटून नाकाजवळचे कोपरे दोन बोटांनी दाबून दोन मिनिटं बसायची. त्या दोन मिनिटांत आईशी बोलायचं नाही असा घरातला कायदा होता. नऊ जण दाराबाहेर कुजबुजत, ढकलाढकली करत थांबलेले, आणि आत तिच्या एकटीच्या मालकीची ती मिटलेल्या डोळ्यांची आई. दहांत वाटून घेतलेली बाई दिवसातून दोनदा दोन मिनिटं सबंध मिळायची. तिने स्वतः त्या पलंगावर डोळ्यांचे कोपरे दाबले आणि डोळ्यात जे थोडंफार गेलं होतं त्याने चरचर आग होत राहिली.

आणि ती आग होत असतानाच ते परत ऐकू आलं, जे गेली तेवीस वर्षं कधीही, कुठेही ऐकू यायचं. नळ सुरू केला की, दाराची किल्ली फिरवली की. तिचा स्वतःचाच आवाज, पण अठरा वर्षांचा, चिरका. दुसऱ्या शहरात दातांच्या कामाचं शिक्षण घ्यायला तिला जागा मिळाली होती, राहण्याची सोय झाली होती, ट्रंक भरून झाली होती. आदल्या दिवशी दुपारी आई दारात उभी राहून नुसतं म्हणाली होती, "आता माझे थेंब कोण गं टाकणार?" चेष्टेत म्हणाली होती, हे आता कळतं. तेव्हा त्या एका वाक्याने तिला असं वाटलं की कोणीतरी पाय धरून ठेवतंय, आणि तिने फाडकन म्हटलं होतं, "टाकेल कोणीतरी. तुला पगार मिळतो आमची आई असण्याचा, आम्हाला मिळत नाही." आई दारातून बाजूला झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिने पाहिलं, तर आई खुर्चीत बसून स्वतःच थेंब टाकत होती आणि पाणी गालावरून गळ्यापर्यंत ओघळत होतं. गाडीची वेळ झाली होती म्हणून ती निघाली. तीन वर्षांनी कळलं की आईला आता उजेड-अंधाराशिवाय काही कळत नाही. तेव्हापासून ती महिन्यातून एकदा फोन करायची, हवापाण्याचं बोलायची. प्रत्यक्ष गेली ती मोजून चार वेळा, आणि गेल्या सहा वर्षांत एकदाही नाही.

थेंब चालू ठेवले तर काय बिघडतं, असं तिने स्वतःला पटवून पाहिलं. बिघडायला दुसऱ्याच आठवड्यात सुरुवात झाली. ती कवळ्या बनवायची. मेणाच्या साच्यात एकेक दात बसवणं हे तिच्या हातचं काम, आणि दातांच्या पांढऱ्या रंगाच्या सोळा छटा असतात त्या ओळखणं तिच्या डोळ्यांचं. पिवळसर पांढरा, राखी पांढरा, म्हाताऱ्या माणसाचा चहाने मुरलेला पांढरा. अख्ख्या प्रयोगशाळेत तिची नजर पक्की म्हणून अडलेलं काम तिच्याकडे यायचं. आता सकाळी थेंब टाकले की दुपारपर्यंत सगळ्या छटा एकाच धुक्यात मिसळत. एका निवृत्त कारकुनाची कवळी परत आली. पुढचे दोन दात शेजाऱ्यांपेक्षा उजळ झाले होते, आणि त्याच्या बायकोने म्हणे विचारलं होतं की हे दोन कुणाकडून उसने आणले. सगळे हसले. मालक हसला नाही. "चष्म्याचा नंबर बघून घ्या बाई," तो म्हणाला, आणि पुढचं काम त्याने शेजारच्या टेबलावर ठेवलं. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिचं पोट त्या डोळ्यांवर होतं, आणि ज्या दुखण्याशी तिचा काही संबंध नव्हता त्याच्या औषधाने ती ते रोज दोनदा विझवत होती.

पण याहून वाईट गोष्ट वेगळीच होती आणि ती नवऱ्याला सांगण्यासारखी नव्हती. तिच्या मागे एक बाई लागली होती. डॉक्टरच्या कागदावरची ती ओळ खोडायची तर तिथे काहीतरी लिहावं लागणार, तिथे तिला जन्म दिलेली कोणीतरी असणार. कोणाला तरी काचबिंदू असेल नाहीतर नसेल. ही साधी गोष्ट आजवर तिच्या मनाला कधी शिवली नव्हती. चौथ्या घरात इतकी गर्दी होती की आणखी कुणाला जागाच नव्हती. आता बसमध्ये समोर साठीच्या पुढची कुणी बाई बसली की ती तिच्या डोळ्यांकडे बघत राही. बुबुळांभोवतीचं करडं कडं, चष्म्याची जाडी, पायरी चाचपत उतरणारं पाऊल. एकदा ती एका अनोळखी बाईच्या मागे तीन गल्ल्या चालत गेली, कारण त्या बाईने पाटी वाचताना मान डावीकडे कलती केली होती आणि ती स्वतःही तसंच करते. मग भर रस्त्यात तिच्या लक्षात आलं की अशी मान कलती करणं आईचं होतं. डावा डोळा आधी गेला म्हणून. चौथ्या घरातले दहाही जण तशीच मान करतात. ती फुटपाथवर उभी राहिली आणि आपल्या अंगातलं नेमकं काय कुणाचं आहे हे तिला कळेना. घरी आली तरी पाठीमागे कोणी उभं आहे ही जाणीव गेली नाही. ती बाई काही करायची नाही, मागायची नाही. नुसती बघायची.

"अगं, मग सांग ना जाऊन त्या डॉक्टरला," नवरा म्हणाला. एवढं तरी तिने त्याला सांगितलं होतं. "यात लाजण्यासारखं काय आहे? ती काही तुझी..." आणि तो थांबला. भला माणूस होता, वेळेवर थांबला. पण वाक्य पुरं झाल्यासारखंच होतं. डॉक्टरकडे जायला आठवडा उरला होता. रविवारी सकाळी थेंब न टाकताच तिने बस पकडली.

निवृत्त मातांच्या खोल्या संस्थेच्या आवारात मागच्या बाजूला होत्या, एका ओळीत आठ, पुढे समाईक ओटा. आई ओट्यावर बसून मटार सोलत होती. डोळ्यांचं काम नाही म्हणून आठही जणींचे मटार हिच्याकडेच, असं ती फोनवर सांगायची. डाव्या हाताला टरफलांची टोपली, उजव्या हाताला दाण्यांचं पातेलं. केस सगळे पांढरे झाले होते, आणि तो नेमका कोणता पांढरा हे तिला कळलं, धुक्याशिवाय.

"कोण, टिकली?" आईने विचारलं. टिकली म्हणजे तिच्या पाठची बहीण, दर महिन्याला येणारी.

"नाही. शेपूट."

"अगंबाई!" आईचे हात थांबले. "आवाज केवढा जाड झालाय तुझा. बस. जेवून आलीस की तशीच?"

ती शेजारी बसली आणि तिने डॉक्टरकडचं सगळं सांगितलं. आई आधी हसायला लागली. "दहा म्हणालीस? आणि त्याचा विश्वास बसला?" हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. मग एकदम म्हणाली, "पण मग औषध कशाला टाकतेस तू?"

ती पर्सचा पट्टा सारखा करत बसली.

"किती दिवस झाले?"

"बावीस."

"गाढव आहेस," आई म्हणाली. शेंगांवरची बोटं पुन्हा चालू झाली, पण आता जरा जोरात. "दिसायला त्रास होतो ना त्याने? मला ठाऊक आहे."

"आई, मी तुला एकदा म्हणाले होते..." तिने टोपलीतलं एक टरफल उचललं. "जायच्या आदल्या दिवशी. पगाराचं."

"पगाराचं?" आईने मान डावीकडे कलती केली. "अगं, ते होय. ते तर सगळ्यांनीच म्हटलंय. पंधरा-सोळाव्या वर्षी एकेकाची पाळी यायची. टिकलीने तर भर जेवताना म्हटलं, सगळ्यांसमोर. तू उशीर केलास. मला काळजीच लागली होती, ही म्हणते की नाही."

"आणि तुला काही वाटायचं नाही?"

"वाटायचं तर. पहिल्यांदा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. मग कळलं, एवढं म्हटल्याशिवाय त्यांचा पाय निघत नाही घरातून. मग म्हटलं, म्हणू देत."

तिला हलकं वाटायला हवं होतं. पण तिला लुबाडल्यासारखं वाटलं. तेवीस वर्षं एकटीचं म्हणून जपलेलं पाप घरातल्या टॉवेलसारखं सगळ्यांनी वापरलेलं निघालं. "आणि डोळे?" तिने विचारलं. "मी थांबले असते तर?"

"जायचेच होते ते. टिकली टाकायची की थेंब." खरं की खोटं, कळायला मार्ग नव्हता. त्या चेहऱ्याने लपवाछपवी कधीच शिकून घेतली होती. म्हणून मग तिने ती दुसरी गोष्ट सांगितली, बसमधली, गल्लीतली, पाठीमागे उभी राहणारी. हे ऐकताना मात्र आईचे हात हळूहळू थांबले.

"रोज दिसते?"

"रोज."

"मला दहा दिसायच्या," आई म्हणाली.

ओट्याच्या टोकाला कुणीतरी बादली ठेवली. आई ती व्यक्ती आत जाईपर्यंत थांबली. "नियम होता ना. जन्माची आई आली, कागद बरोबर असले, की मूल द्यायचं. सहाव्या घरात झालं एकदा तसं. दुपारी बाई आली, संध्याकाळी मुलगा गेला. त्या घरातल्या आईने त्या दिवशीही दहाच पानं वाढली. तेव्हापासून मी फाटकाकडे बघणं सोडलं. पण न बघता दिसायच्या गं. दहाच्या दहा, ओळीने उभ्या. तुझी उंच होती. मीच ठरवलं, तुझे पाय लांब म्हणून. तुला ताप आला की तुझ्या उशाशी बसल्यावर वाटायचं, मागे उभी राहून बघतेय, ही बाई माझ्या मुलीचं नीट करते की नाही."

"मग?"

"मग काय? नीट करायचे." आईने एक शेंग उचलली आणि तशीच धरून ठेवली. "आता डोळे नाहीत तरी येतात. म्हाताऱ्या झाल्यात. मी म्हणते, बसा." ती पुढे म्हणाली, "तिच्या जागेवर मला बसवलंस तू त्या कागदावर. मला नको ते. तिचं तिला राहू दे. तुझे डोळे जातील अशाने, आणि माझ्या नावावर जातील. जाऊन सांग त्याला."

"मला बोलता येत नाही ते."

"का, जीभ नाही?"

"येत नाही, आई. जिन्यातसुद्धा मनातल्या मनात आलं नाही."

आईने हातातली शेंग टोपलीत टाकली, पाठ ताठ केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले. शाळेत भाषण असलं की आदल्या दिवशी ती दहाही जणांना अशीच समोर उभी करायची आणि जमेपर्यंत सोडायची नाही. "हं. मी डॉक्टर," ती म्हणाली. "बोला ताई, घरात कोणाला आहे का?"

"आई, नको."

"डॉक्टरला आई म्हणतात का? बोल."

"मी... मागच्या वेळी चुकीचं सांगितलं." तिला आपल्याच गुडघ्यांकडे बघवत नव्हतं. "ज्यांना काचबिंदू आहे, त्या माझ्या आई नाहीत."

"हे काय, त्या-बिया? मला कधी अहो-जाहो केलंस तू? सरळ सांग, नाहीतर त्याला काही कळायचं नाही."

"ती..."

"तोंडातल्या तोंडात नको."

समोरच्या उघड्या डोळ्यांना ती दिसत नव्हती, हे एक बरं होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. "ती माझी आई नाही," ती म्हणाली.

"मोठ्याने."

"ती माझी आई नाही."

शेजारच्या खोलीतलं भांड्यांचं वाजणं बंद झालं. आईने मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "हं. आता कसं. तिथे रडायचं मात्र नाही, तो घाबरेल. परत एकदा."

तिसऱ्यांदा तिचा आवाज कापला नाही.

"शाब्बास," आई म्हणाली, आणि तिने पुन्हा मटार सोलायला घेतले. दाणे टरफलांच्या टोपलीत पडत होते. तिने ते आईला सांगितलं नाही. शेजारी बसून ती ते एकेक वेचून पातेल्यात टाकत राहिली, आवाज होणार नाही अशा बेताने.